नर्सिंग महाविद्यालयाचा निधी जमला, मग सोहळा कशासाठी?

आपल्या विद्यापीठाच्या नर्सिंग महाविद्यालयाने निधीसंकलनाचे उद्दिष्ट गाठले आहे आणि त्याचा सोहळा करावा की तो खर्च विद्यार्थ्यांसाठी वापरावा, असे आपण विचारले आहे. मी नर्सिंगच्या अध्यापनात बरीच वर्षे काढली आणि असे दोन समारंभ जवळून पाहिले. माझ्या मते समारंभ अवश्य करावा. मात्र व्यासपीठावरून नुसता आकडा न सांगता त्या पैशांचे काय होणार, तेही सांगावे.

आधुनिक नर्सिंग शिक्षणाचा पायाच लोकवर्गणीवर घातला गेला. क्रिमियाचे युद्ध चालू असताना, नोव्हेंबर १८५५ मध्ये, लंडनच्या एका जाहीर सभेत फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नावाने निधी उघडण्यात आला. त्या सभेला त्या स्वतः हजरही नव्हत्या. पुढे सुमारे ४४,००० पौंड जमले आणि त्यांत एक दिवसाचा पगार देणाऱ्या सैनिकांचाही वाटा होता. त्या निधीतून सेंट टॉमस रुग्णालयात प्रशिक्षणशाळा सुरू व्हायला मात्र १८६० साल उजाडले. पैसा जमणे आणि पहिली विद्यार्थिनी वर्गात येणे यांत असे अंतर पडतेच. त्यामुळे अधीर देणगीदारांना मी हे उदाहरण आवर्जून सांगते.

खरी अडचण कुठे आहे, हे आत काम करणाऱ्यांना ठाऊक असते. अमेरिकेत २०२३ मध्ये नर्सिंगच्या पदवी व पदव्युत्तर अभ्यासक्रमांसाठी आलेले ६५ हजारांहून अधिक पात्र अर्ज नाकारावे लागले, आणि त्याची मुख्य कारणे म्हणजे शिक्षकांची व प्रत्यक्ष रुग्णसेवेच्या सरावासाठी लागणाऱ्या जागांची टंचाई. वॉर्डमध्ये एका शिक्षिकेच्या हाताखाली आठ-दहा विद्यार्थीच सुरक्षितपणे शिकू शकतात, आणि तीच अनुभवी परिचारिका शिकवण्याऐवजी रुग्णालयात नोकरी करून जास्त कमावते. म्हणून देणगीतून इमारत किंवा सिम्युलेशन प्रयोगशाळा (रुग्णाऐवजी पुतळ्यांवर सराव करण्याची जागा) उभी राहिली की टाळ्या पडतात (कोनशिलेवर नावही लागते), पण मुद्दल राखून केवळ उत्पन्नातून शिक्षकाचे पद कायम चालवणारा निधी मला अधिक मोलाचा वाटतो. शिष्यवृत्तीचेही तसेच आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या नर्सिंग विद्यालयाला २०२२ मध्ये सौंदर्यप्रसाधनांचे उद्योजक लिओनार्ड लॉडर यांनी साडेबारा कोटी डॉलर दिले, ते प्राथमिक आरोग्यसेवेत नर्स प्रॅक्टिशनर (रुग्ण तपासून निदान व उपचार करू शकणारी उच्चशिक्षित परिचारिका) म्हणून वंचित वस्त्यांत काम करू इच्छिणाऱ्यांना विनाशुल्क शिकता यावे यासाठी.

आणखी एक गोष्ट. जाहीर होणाऱ्या रकमेत हाती आलेले पैसे, पुढील काही वर्षांत द्यायचे कबूल केलेले पैसे आणि मृत्युपत्रातून मिळणारे पैसे अनेकदा एकत्र धरलेले असतात. यात फसवणूक नाही. पण हे भाग वेगवेगळे सांगितले नाहीत, तर दुसऱ्याच वर्षी ‘एवढे पैसे असूनही जागा का वाढल्या नाहीत?’ असा प्रश्न येतो आणि त्याचे उत्तर देताना अधिष्ठात्यांची तारांबळ उडते.

समारंभाचा खर्च जमलेल्या निधीतून करू नये; त्यासाठी स्वतंत्र प्रायोजक शोधावा. मी पाहिलेल्या एका समारंभात बड्या देणगीदारांची भाषणे तासभर चालली आणि वर्षानुवर्षे थोडी थोडी रक्कम देणाऱ्या निवृत्त परिचारिका शेवटच्या रांगेत बसून राहिल्या. त्यांना पुढे बसवावे, आणि एखाद्या वॉर्ड-शिक्षिकेला माइक द्यावा.