लॅपटॉप सुरूच होत नाही; आतल्या फाइली कशा बाहेर काढायच्या?

तुम्ही लिहिलंय की लॅपटॉप चालू केला की कंपनीचं चिन्ह येतं, ठिपके गोल फिरत राहतात, मग निळ्या स्क्रीनवर 'ऑटोमॅटिक रिपेअर'चा मजकूर येतो आणि पुन्हा पहिल्यापासून तेच. दुरुस्ती करणारा म्हणतोय, विंडोज नव्याने टाकू, डेटा जाईल. तुम्हाला प्रबंधाच्या फाइली आणि मुलीचे फोटो हवे आहेत.

त्याला अजून हो म्हणू नका. तुमच्या वर्णनावरून विंडोज बिघडलेली दिसते आणि फाइली बहुधा डिस्कवर जशाच्या तशा पडून आहेत. अशा वेळी डेटा जातो तो मूळ बिघाडापेक्षा लॅपटॉप कसाही करून सुरू करण्याच्या धडपडीत. म्हणून आधी फाइली बाहेर काढायच्या, दुरुस्ती नंतर.

तोवर तीन गोष्टींना हात लावू नका. एक, 'रीसेट धिस पीसी'. त्यात 'कीप माय फाइल्स' असं लिहिलेलं असतं, पण ते काम डिस्कवर कित्येक जीबी लिहितं आणि मध्येच अडकलं तर तुम्ही आजच्यापेक्षा वाईट जागी असाल. दोन, 'चेकडिस्क', म्हणजे विंडोजची डिस्क तपासणारी कमांड. ते फाइल सिस्टिमच्या नोंदी जुळवतं, तुमच्या फाइलींची त्याला पर्वा नसते. न जुळणाऱ्या नोंदी ते तोडून टाकतं, आणि डिस्क मरणपंथाला लागलेली असेल तर तासन्‌तास तिला राबवतं. तीन, डेटा रिकव्हरीची सॉफ्टवेअर. ती पुसलेल्या फाइलींसाठी असतात. तुमच्या फाइली कोणी पुसलेल्या नाहीत, फक्त तिथपर्यंत जायची वाट बंद आहे.

लॅपटॉपमधून टक्-टक् असा ठराविक लयीत आवाज येत असेल तर तो लगेच बंद करा आणि थेट खालचा खराब डिस्कचा भाग वाचा.

पहिलं काम बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्क-कुलपाची, किल्ली शोधण्याचं. विंडोज ११ च्या अनेक लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की डिस्क आपोआप एन्क्रिप्ट (कुलूपबंद) होते आणि बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो. फोनवरून त्याच मायक्रोसॉफ्ट खात्यात जा, 'डिव्हाइसेस'मध्ये 'बिटलॉकर रिकव्हरी कीज' बघा. तिथे ४८ अंकी किल्ली मिळेल, सहा-सहा अंकांचे आठ गट. एकापेक्षा जास्त किल्ल्या दिसल्या तर लॅपटॉपच्या स्क्रीनवरच्या 'की आयडी'ची पहिली आठ अक्षरं जुळवा. लॅपटॉप कॉलेजचा किंवा ऑफिसचा असेल तर किल्ली त्यांच्या आयटी विभागाकडे असते. डिस्क एन्क्रिप्ट असेल आणि ही किल्ली कुठेच नसेल, तर पुढचा कोणताही उपाय चालत नाही, पैसे घेऊन आश्वासन देणाऱ्याचाही नाही.

आता सगळ्यात सोपी वाट, जी त्या निळ्या स्क्रीनमध्येच आहे. बाहेरची यूएसबी डिस्क लावा. 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स', मग 'ट्रबलशूट', पुन्हा 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स' आणि शेवटी 'कमांड प्रॉम्प्ट' असं जा. काळ्या खिडकीत इंग्रजीत notepad टाइप करून एंटर दाबा. नोटपॅडमध्ये 'फाइल', 'ओपन' करा आणि खाली 'टेक्स्ट डॉक्युमेंट्स' आहे तिथे 'ऑल फाइल्स' निवडा. ही ओपनची खिडकी म्हणजे साधा फाइल एक्सप्लोररच आहे. 'धिस पीसी'वर जा, 'युजर्स'मधलं तुमच्या नावाचं फोल्डर उघडा, हव्या त्या फोल्डरवर राइट क्लिक करून कॉपी करा आणि बाहेरच्या डिस्कवर पेस्ट करा. ड्राइव्हची अक्षरं इथे बदललेली असतात. नेहमीचा सी इथे डी किंवा ई म्हणून दिसू शकतो, त्यामुळे सी रिकामा दिसला तर घाबरू नका. कॉपी चालू असताना प्रगतीची पट्टी दिसत नाही, खिडकी गोठल्यासारखी वाटते. यूएसबी डिस्कचा दिवा लुकलुकतोय तोवर काम चाललेलं आहे.

फोटो शेकडो जीबी असतील तर त्याच काळ्या खिडकीत रोबोकॉपी (robocopy) ही विंडोजचीच कॉपी करणारी कमांड वापरा. कमांड, मग जुना पत्ता, मग नवा पत्ता, आणि शेवटी इंग्रजी अक्षरांत चार स्विच: स्लॅश ई, स्लॅश आर कोलन १, स्लॅश डब्ल्यू कोलन १, स्लॅश एक्सजे (/E /R:1 /W:1 /XJ). हे स्विच विसरू नका. रोबोकॉपी एखादी फाइल वाचता आली नाही तर मुळात दहा लाख वेळा प्रयत्न करते आणि प्रत्येक प्रयत्नाआधी ३० सेकंद थांबते, म्हणजे एका खराब फोटोपाशी ती कायमची बसून राहील. शेवटचा स्विच नसेल तर ती स्वतःकडेच परत नेणाऱ्या जोड-फोल्डरांत गोल फिरत बसते. पत्त्यात मोकळी जागा असेल तर तो दुहेरी अवतरणात टाका.

ती निळी स्क्रीनच उघडत नसेल तर लिनक्सचा, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमचा, पेनड्राइव्ह करा. दुसऱ्या संगणकावर उबुंटू किंवा लिनक्स मिंटची आयएसओ फाइल उतरवा आणि रुफस या प्रोग्रामने ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर लिहा. पेनड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जातं, हे लक्षात ठेवा. लॅपटॉप चालू करताच बूट मेन्यूची कळ टिचक्या मारल्यासारखी दाबत राहा: डेल, लेनोवो आणि एसरवर बहुतेक वेळा एफ१२, एचपीवर एफ९, असूसच्या लॅपटॉपवर एस्केप. बायोसमध्ये (लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन सिक्युअर बूट, म्हणजे फक्त मान्यताप्राप्त सिस्टिम सुरू होऊ देणारी सोय, बंद करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, तो मानू नका. हे दोन्ही लिनक्स सिक्युअर बूट चालू असतानाही सुरू होतात, आणि ती सेटिंग बदलली की बिटलॉकर किल्ली मागू लागतो.

उबुंटूमध्ये 'ट्राय' निवडा, 'इन्स्टॉल' नाही. हा एक क्लिक चुकला आणि पुढचे प्रश्न न वाचता 'नेक्स्ट' करत गेलात तर डिस्क पुसली जाऊ शकते. डेस्कटॉप आल्यावर फाइल्सचं ॲप उघडा, डिस्क तिच्या आकारावरून ओळखा आणि उघडा. बिटलॉकर असेल तर इथेही तीच ४८ अंकी किल्ली चालते. विंडोज नीट बंद झालेली नसते, म्हणून लिनक्स कधी डिस्क 'रीड ओन्ली' उघडतं. आपल्याला नेमकं तेच हवंय, वाचता येतंय आणि चुकून काही लिहिलं जात नाही. अजिबातच उघडत नसेल तर हायबरनेशनची फाइल काढून टाका असा उपाय सापडेल. त्याऐवजी टर्मिनलमधून डिस्क फक्त वाचण्यापुरती माउंट करा (जोडा), आरओ (ro, रीड ओन्ली) हा पर्याय देऊन.

डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला लावणं हाही चांगला मार्ग आहे, आणि लॅपटॉपला वीजच मिळत नसेल तर बहुतेक वेळा तोच एक. (पण स्क्रीन काळी असून पंखा फिरत असेल तर आधी एचडीएमआयने टीव्ही जोडून बघा. कधीकधी फक्त डिस्प्ले गेलेला असतो.) चार्जर काढा, आतल्या बॅटरीचा कनेक्टर सोडवा, मग डिस्कला हात लावा. अडीच इंची डिस्क असेल तर यूएसबी ते साटा केबल पुरते. डेस्कटॉपच्या साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्टचा वेगळा अडॅप्टर लागतो. एम.२ पट्टी बहुतेक वेळा २२ मिमी रुंद आणि ८० मिमी लांब असते आणि इथे लोक ती यूएसबीला जोडणारी केस चुकीची आणतात, कारण पट्ट्या दोन प्रकारच्या असतात. टोकाच्या सोनेरी दातांमध्ये एकच खाच असेल तर ती सहसा एनव्हीएमई, दोन खाचा असतील तर बहुधा साटा. दोन्ही चालणारी केस मिळते, शंका असेल तर तीच घ्या. काही पातळ लॅपटॉपमध्ये चिप बोर्डावरच डकवलेली असते. तिथे हा मार्ग नाही.

दुसऱ्या विंडोजला जोडल्यावर 'फॉरमॅट करायचं का', 'इनिशियलाइज करायचं का', 'स्कॅन अँड फिक्स करायचं का' असं विचारलं जाईल. तिन्हींना नाही म्हणा. फोल्डर उघडायची परवानगी नाही असं आलं तर मात्र 'कंटिन्यू' करायला हरकत नाही, त्यात फक्त परवानगीच्या नोंदी बदलतात.

आता खराब डिस्क. हार्ड डिस्कमध्ये वाचणारं हेड तबकडीपासून काही नॅनोमीटरवर तरंगतं. टक्-टक् म्हणजे हेडला आपली जागा सापडत नाहीये, आणि प्रत्येक वेळी चालू केल्यावर ते तबकडी खरवडू शकतं. अशी डिस्क घरी उघडू नका, फ्रीजरमध्ये ठेवू नका, खालचं सर्किट दुसऱ्या डिस्कचं लावू नका. त्या सर्किटवरच्या चिपमध्ये त्या एकाच डिस्कच्या जुळवणीची माहिती असते. ती बंद करून धूळमुक्त खोली असलेल्या रिकव्हरी लॅबकडे द्यायची.

आवाज नाही, पण कॉपी रांगतेय आणि मध्येच त्रुटी येताहेत, तर उबुंटूच्या 'डिस्क्स' ॲपमध्ये स्मार्ट डेटा, म्हणजे डिस्कने स्वतःच्या तब्येतीची ठेवलेली नोंद, बघा. ५, १९७ आणि १९८ या क्रमांकांसमोर शून्य नसेल आणि आकडा वाढत असेल तर फाइल-फाइल कॉपी करणं थांबवा. एकेका खराब जागेवर डोकं आपटत बसण्यापेक्षा जीएनयू डीडीरेस्क्यू या लिनक्सच्या प्रोग्रामने अख्ख्या डिस्कची प्रत घ्या. ते आधी सहज वाचता येणारा भाग उचलतं, अवघड जागा सोडून पुढे जातं आणि त्यांच्याकडे शेवटी वळतं. मॅप फाइल (कुठवर वाचून झालं याची नोंद) द्यायला विसरू नका, म्हणजे वीज गेली तरी काम राहिलं तिथून सुरू होतं. नवी डिस्क जुनीएवढी किंवा मोठी हवी. कमांडमध्ये जुनी आधी, नवी नंतर. उलट झालं तर नव्या डिस्कचा रिकामेपणा तुमच्या फोटोंवर लिहिला जाईल. डिस्कची नावं अनुक्रमांकावरून दोनदा पडताळून मगच एंटर दाबा. पुढचं सगळं काम त्या प्रतीवर.

कॉपी करताना 'डेस्कटॉप' आणि 'डॉक्युमेंट्स' रिकामं दिसलं तर ते 'वनड्राइव्ह'च्या फोल्डरात सरकलेलं असतं. तिथल्या काही फाइली फक्त नावापुरत्या असतात, मजकूर सर्व्हरवर असतो, आणि लिनक्समध्ये त्या उघडतच नाहीत. त्या ब्राउझरमधून वनड्राइव्हच्या साइटवर जाऊन उतरवा. क्रोमचे बुकमार्क 'ॲपडेटा' या लपवलेल्या फोल्डरात असतात, आउटलुकची पीएसटी फाइल सहसा 'डॉक्युमेंट्स'मध्ये. बाहेरची डिस्क फॅट३२ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठा व्हिडिओ तिच्यावर जाणार नाही. एक्सफॅट करून घ्या, अर्थात तीवर आधीचं काही नाही ना हे बघून.

झाल्यावर दोन्हीकडच्या फोल्डरांची फाइल-संख्या आणि एकूण आकार जुळवा. प्रबंधाची फाइल दुसऱ्या संगणकावर उघडून शेवटच्या पानापर्यंत जा, चार मोठे व्हिडिओ अगदी शेवटापर्यंत पळवून बघा. शून्य केबीच्या फाइली शोधा, त्या कॉपी झालेल्याच नाहीत. मग सगळ्याची आणखी एक प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्या आणि त्यानंतरच दुरुस्ती करणाऱ्याला विंडोज टाकायला सांगा.