टाकी गच्चीवर, आपण वरच्या मजल्यावर. आरओला दाब पुरतो का?

टाकी डोक्यावरच आहे, तरी आरओचं पाणी थेंब थेंब येतं आणि मेकॅनिक मेंब्रेन (पाण्यातले क्षार अडवणारा आतला पडदा) बदला म्हणतो, असं तुम्ही लिहिलंय. मी आरओ दुरुस्तीचंच काम करतो. मेंब्रेनचे पैसे देण्याआधी दाब मोजून घ्या.

१० मीटर उंचीवरून आलेल्या पाण्याला साधारण १४ पीएसआय (दाबाचं एकक) दाब असतो. तुमची टाकी नळापासून तीन-चार मीटर वर, म्हणजे जेमतेम ५. घरगुती मेंब्रेनला ५०-६० तरी लागतो. तो दाब बूस्टर पंप तयार करतो आणि वेस्टच्या, म्हणजे टाकाऊ पाण्याच्या, नळीतला एफआर (फ्लो रिस्ट्रिक्टर, वाट अरुंद करणारा छोटा भाग) पाणी अडवून टिकवतो. टाकीने फक्त पंपापर्यंत पाणी पोचवायचं.

पंप आणि मेंब्रेनच्या मध्ये टी (तीन तोंडांचा जोड) लावून दाब मोजायचं गेज बसवा (मेकॅनिककडे असायलाच हवं). काटा ३०-३५च्या वर सरकत नसेल, तर वेस्टची धार बघा. धार जोरात असेल तर एफआर ढिला झालाय. तीही बारीक असेल आणि पंप कोरडा खडखडत असेल, तर त्याला पाणीच मिळत नाहीये: सेडिमेंट किंवा कार्बन फिल्टर तुंबलाय, नाहीतर एसव्ही (पाणी चालू-बंद करणारा विजेवरचा व्हॉल्व्ह) पूर्ण उघडत नाही. पंपाला पाणी भरपूर मिळतंय, आवाज मात्र मरगळलेला, असं असेल तर अडॅप्टर तपासा. २४ व्होल्टचा अडॅप्टर हळूहळू मरतो आणि नवाकोरा पंप उगाच बदनाम होतो.

बोअरचं पाणी असेल तर आणखी एक भानगड. टीडीएसच्या (पाण्यात विरघळलेले क्षार, लिटरला मिलिग्रॅममध्ये) दर १००ला साधारण १ पीएसआय दाब मिठालाच हरवण्यात जातो. आमच्या लातूरकडे १२०० टीडीएस म्हणजे १२ पीएसआय तिथेच संपले. शिवाय दाब कमी पडला की पाणी कमी येतं, मीठ मात्र मेंब्रेनमधून जवळपास तेवढंच पार जातं. म्हणून शुद्ध पाण्याचाही टीडीएस चढतो आणि लोकांना वाटतं, मेंब्रेन फाटलं.

गेजवर ६०च्या वर दाब आहे, वेस्ट व्यवस्थित जातंय आणि तरीही थेंब थेंबच? मग मेकॅनिक बरोबर बोलतोय, क्षार बसून मेंब्रेन गेलं. नवं ७५ जीपीडीचं (दिवसाला ७५ गॅलन पाणी देणारं) बसवलंत की मेंब्रेनच्या शुद्ध पाण्याची नळी मोजपात्रात धरा, मिनिटाला २०० मिलीच्या आसपास भरायला हवं. थंडीत थोडं कमी भरेल, त्यावरून भांडू नका.