नंबर लीक झालाय, बदलून टाकू का?

नका बदलू. रोज फसवे कॉल येतात आणि समोरचा तुमचं नाव, राहता भाग बरोबर सांगतो, म्हणून नंबर बदलावा का, असं तुम्ही विचारलंय. नवा नंबर घेऊन तो पुन्हा बँक, गॅस, मुलांची शाळा, किराणावाला असा सगळीकडे देणारच, मग थोड्याच दिवसांत पहिले पाढे पंचावन्न. वर जुना नंबर बंद केलात की ९० दिवसांनंतर कंपनी तो दुसऱ्याला देऊ शकते. एखाद्या खात्याला तो जोडलेला राहिला असेल, तर त्या खात्याचे ओटीपी त्या अनोळखी माणसाच्या फोनवर.

नंबर आता गुप्त राहिलेला नाही, हे एकदा धरून चाला. २०२१ मध्ये फेसबुकवरच्या ५३ कोटींहून जास्त लोकांचे नंबर उघड्यावर आले, त्यात भारतातले साठ लाखांच्या आसपास होते. आणि एवढं लांब कशाला जायचं, मुंबईत आपणच तो वाटत फिरतो. मी आमच्या सोसायटीच्या कमिटीवर आहे, त्यामुळे गेटवरचं रजिस्टर नेहमी नजरेखालून जातं. नाव, कुणाकडे, फ्लॅट नंबर, मोबाइल, सही, आणि सुतळीने बांधलेलं पेन. आपली ओळ लिहिणाऱ्याला वरचं अख्खं पान वाचता येतं. कुणी फोटो काढला तरी वॉचमनला पत्ता लागणार नाही. रजिस्टर भरलं की रद्दीत. मी मीटिंगमध्ये विषय काढला, तर "उद्या पोलिसांनी मागितलं तर?" अहो, मग जपून ठेवा की! रद्दीत घातलेलं पोलिसांना तरी कुठून देणार?

दुकानात "नंबर बोला" म्हटलं की आपण भर रांगेत दहाही आकडे मोठ्याने सांगतो. बिलासाठी नंबरचा आग्रह धरू नका, असं ग्राहक व्यवहार मंत्रालयाने २०२३ मध्येच दुकानदारांना बजावलंय. नाही म्हणा. कॅशिअर तोंड वाकडं करतो, पण बिल होतं. मॉलमध्ये चकचकीत गाडी उभी करून लकी ड्रॉची कुपनं भरून घेतात, तिकडे फिरकूच नका.

तरी हे सगळं वरवरचं. खरा उपाय माझ्या मते एकच: जगाला माहीत असलेला नंबर आणि पैशाला जोडलेला नंबर वेगळे करा. दुसरं सिम घ्या, ते फक्त बँक, डीमॅट आणि यूपीआयसाठी, आणि बँकेत जुन्याच्या जागी तोच नंबर नोंदवा. नातेवाईकांनासुद्धा देऊ नका. यूपीआयला बँकेत नोंदवलेलं सिम फोनमध्येच लागतं, म्हणून ड्युअल सिमचा फोन सोयीचा. यूपीआय आयडीतच मोबाइल नंबर असेल तर अ‍ॅपमध्ये जाऊन तो बदला, नाहीतर पैसे घेणाऱ्याला आयता मिळेल. रिचार्ज मात्र चुकवू नका. याचा मोठा फायदा असा की, जुन्या नंबरवर "बँकेतून बोलतोय" असा कॉल आला की तो खोटा, विचार करायलाच नको. बँकेकडे तो नंबरच नाही! बँकांच्या कॉलसाठी १६०० ने सुरू होणारे नंबर ठरवून दिलेत, तेही लक्षात असू द्या.

पण व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली "आरटीओ चलान" किंवा लग्नपत्रिकेची एपीके फाइल (म्हणजे पत्रिकेच्या नावाखाली आलेलं अ‍ॅपच) उघडून इन्स्टॉल केलीत, तर दोन सिम असून काही उपयोग नाही. ते अ‍ॅप दोन्ही सिमचे मेसेज वाचू शकतं.

मग राहिलं सिम. डिसेंबर २०१८ मध्ये माहीमच्या एका व्यापाऱ्याला रात्री मिस्ड कॉल आले, त्याचं सिम बंद पडलं आणि खात्यातून १ कोटी ८६ लाख गेले. त्याच्या नंबरचं दुसरं सिम भलत्यानेच चालू करून घेतलं होतं. तेव्हा आजूबाजूच्यांना रेंज आहे आणि तुमची अचानक गेली, तर फोन बंद-चालू करत बसू नका, दुसऱ्याच्या फोनवरून लगेच सिम कंपनीला आणि बँकेला गाठा. सिमला पिन लावा, म्हणजे ते दुसऱ्या फोनमध्ये घातलं तरी पिनशिवाय चालणार नाही, व्हॉट्सअ‍ॅपला टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावा. कुरिअरवाला म्हणून कुणी *४०१* लावून पुढे नंबर दाबायला सांगितलं तर दाबू नका, तुमचे कॉल त्याच्याकडे वळतात. दाबलं गेलंच असेल तर ##००२# लावून फॉरवर्डिंग काढून टाका.

'संचार साथी' या सरकारच्या दूरसंचार विभागाच्या पोर्टलवर आपल्या नावावर किती सिम आहेत ते दिसतं. अनोळखी नंबर निघाला तर तिथेच कळवा. फसव्या कॉलची तक्रार तिथल्याच 'चक्षू' या सुविधेत करा.

आणि पैसे गेलेच तर आधी १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा, पाठोपाठ बँक. पैसे पुढच्या खात्यांत सरकायच्या आत अडवता येतात, म्हणून उशीर करू नका; व्यवहाराचा नंबर आणि वेळ हाताशी ठेवून फोन करा. पोलीस ठाण्याची फेरी त्यानंतर.