सरकार पडतं, मग शासन का पडत नाही?

सदाशिव पेठेतल्या एका आजींचा प्रश्न आहे. नातवानं नागरिकशास्त्राच्या वहीत ‘विश्वासदर्शक ठराव फेटाळला गेल्यामुळे महाराष्ट्र शासन कोसळले’ असं लिहिलं आणि बाईंनी ‘शासन’ला लाल रेघ मारली. आजी विचारतात, ‘जीपवर महाराष्ट्र शासन लिहितात, पेपरात महाराष्ट्र सरकार छापतात. गोष्ट एकच ना, मग चुकलं कुठे?’

रेघ बरोबर आहे. पण नातवाला रागावू नका, कारण भल्याभल्यांचा इथे गोंधळ होतो.

शब्दकोश फारशी मदत करत नाही. ‘सरकार’ फारसीतून आला: सर म्हणजे प्रमुख, कार म्हणजे काम. मोगलांच्या काळी काही परगणे मिळून एक ‘सरकार’ व्हायचं, आणि मालकालाही ‘जी सरकार’ म्हणायचेच. ‘शासन’ संस्कृतातला, शास् या धातूचा. आज्ञा करणं, वळण लावणं, शिक्षा करणं असे त्याचे अर्थ. म्हणून ताम्रपटाला ताम्रशासन म्हणायचे आणि म्हणून आजही ‘गुन्हेगाराला कठोर शासन व्हावे’ असं लिहितात. एवढं कळूनही आजींचा प्रश्न जागच्या जागीच राहतो.

खरा फरक क्रियापदांत आहे. सरकार येतं, जातं, बनतं, पडतं, टिकतं, अडचणीत येतं. शासन यातलं काहीच करत नाही. शासन आदेश काढतं, मान्यता देतं, नियुक्ती करतं, मुदतवाढ देतं. ‘शासन अल्पमतात आले’ हे वाक्य कुठल्याही मराठी कानाला खटकेल.

आणि हे आपलं भाषिक लाडकोड नव्हे, त्यामागे राज्यघटना आहे. अनुच्छेद १६४ प्रमाणे मंत्रिपरिषद सामुदायिकरीत्या विधानसभेला जबाबदार असते. २८८ जागांच्या सभागृहात १४५ हा बहुमताचा आकडा. तो हातातून निसटला की मंत्र्यांना जावं लागतं. जाणारं ते सरकार. अनुच्छेद १६६ मात्र सांगतो की राज्याचा सगळा कारभार राज्यपालांच्या नावानं चालल्याचं दाखवलं पाहिजे. तिथे मुख्यमंत्री कोण, पक्ष कोणता, याचा संबंधच येत नाही.

हे पाहायचं असेल तर कुठलाही जीआर, म्हणजे शासन निर्णयाचा कागद, काढा. परवा शेजाऱ्यांच्या पेन्शनच्या कामासाठी मी एक छापून घेतला. वर ‘महाराष्ट्र शासन’, खाली विभागाचं नाव, मग ‘मादाम कामा मार्ग, हुतात्मा राजगुरु चौक, मंत्रालय’ असा पत्ता. प्रस्तावनेत ते लाडकं वाक्य: ‘... ही बाब शासनाच्या विचाराधीन होती.’ आणि शेवटी, उपसचिवांच्या सहीच्या वर: ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने.’ राज्यपालांनी तो कागद पाहिलेलाही नसतो. निर्णय मंत्र्यांचा, सही अधिकाऱ्याची, नाव राज्यपालांचं. मंत्री बदलले तरी शेजाऱ्यांचं पेन्शन चालू राहतं, ते या एका ओळीच्या जोरावर.

२०१९ साली तर दोन्ही शब्द चक्क वेगळे होऊन समोर उभे राहिले. निवडणूक झाली, पण सत्तास्थापनेचा तिढा सुटेना; १२ नोव्हेंबरला राष्ट्रपती राजवट लागली आणि २३ तारखेच्या पहाटे उठली. त्या मधल्या दिवसांत महाराष्ट्रात सरकार नव्हतं. तरीही अवकाळी पावसानं खरीप गेलेल्या शेतकऱ्यांना हेक्टरी ८,००० रुपयांची मदत जाहीर झाली, आणि ती राज्यपालांनीच केली. एरवी नावापुरती असणारी ती ओळ तेव्हा जवळजवळ अक्षरशः खरी होती.

पुणेकरांना तिसरा शब्दही ओळखीचा आहे: प्रशासन. महापालिकेत ‘सरकार’ कधीच नसतं. एका बाजूला सत्ताधारी, दुसऱ्या बाजूला प्रशासन. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली, निवडणूक लांबली आणि आयुक्तच प्रशासक झाले. खड्डे बुजवणारं (किंवा न बुजवणारं) प्रशासन जागेवर होतं. ज्याच्या दारात जाऊन भांडायचं तो नगरसेवक तेवढा नव्हता.

आता नातवाची बाजू. त्याच्याच पुस्तकात शासनसंस्थेचे तीन घटक दिलेले असतात: कायदेमंडळ, कार्यकारी मंडळ, न्यायमंडळ. या अर्थानं न्यायाधीशही शासनात आले. पण शिवाजीनगरच्या कोर्टात ‘सरकार पक्ष’ हा समोर उभा राहणारा एक पक्षकार असतो, आणि जीआरमधलं ‘शासन’ म्हणजे फक्त कार्यकारी मंडळ. एकाच शब्दाचे दोन अर्थ, एक लांबरुंद आणि एक आखूड. पोरानं गोंधळायचं नाही तर काय करायचं? शिवाय केंद्राच्या बाबतीत आपण सर्रास ‘भारत सरकार’च लिहितो, पाट्यांवरसुद्धा, तिथे माझा क्रियापदांचा नियम लंगडा पडतो, हे मान्य.

विशेषणांत मात्र फरक अर्थाचा नाही, इस्त्रीचा आहे. ‘सरकारी काम, सहा महिने थांब’ यात ‘शासकीय’ घालून बघा, म्हणीचा जीवच जातो. ससूनशेजारच्या कॉलेजच्या नावात ‘शासकीय वैद्यकीय महाविद्यालय’ आहे, पण रिक्षात बसून कुणी तेवढं म्हणून दाखवावं.