पालथं पडत नाही म्हणून घाबरू नकोस

अगं, चार महिन्यांचं बाळ अजून पालथं पडत नाही म्हणून रात्र रात्र जागू नकोस. साधारण 4 ते 6 महिन्यांत ते जमतं, काहींना आणखी वेळ लागतो. दुसऱ्यांच्या बाळाशी तुलना ही नव्या आईची सगळ्यात सर्रास होणारी चूक.

सध्या एकच कर: बाळ जागं आणि खुशीत असताना त्याला पोटावर ठेव. सुरुवातीला नाक चटईला घासेल, मिनिटभरात भोकाड पसरेल. उचल, थोड्या वेळाने पुन्हा ठेव. तूही समोर आडवी हो. तुझ्या चेहऱ्याइतकं चांगलं खेळणं नाही. झोपवायचं मात्र पाठीवरच.

बाकी थोडक्यात:
- वरचं अन्न 6 महिन्यांच्या आसपास. मध पहिलं वर्षभर नाही, बोटभरसुद्धा नाही.
- वॉकर नको, कोणी भेट दिला तरी. त्याने चालणं लवकर येत नाही, अपघात मात्र होतात.
- बाळ बरंच आधी जन्मलं असेल तर महिने डॉक्टरांनी दिलेल्या बाळंतपणाच्या मूळ तारखेपासून मोज.

जमत असलेली गोष्ट बंद झाली किंवा बाळ आवाजाला दादच देत नसेल, तर मात्र थांबू नकोस, लगेच डॉक्टरांना दाखव. रांगण्याचं आणि दातांचं ती वेळ आली की मला विचार.