काव्यमय नव्हे, कादंबरीच

प्रश्न असा आला आहे: किशोरवयीन मुलामुलींच्या प्रेमाच्या, मोठं होण्याच्या ज्या कादंबऱ्या इंग्रजीत अथपासून इतिपर्यंत कवितांमधून लिहिल्या जातात, त्यांना मराठीत काय म्हणावं? काव्यमय कादंबरी, खंडकाव्य की पद्यकादंबरी?

‘काव्यमय’ तर मुळीच नको. हा शब्द इतका सैलपणे वापरलेला ऐकतो की आता सहन होत नाही. काव्यमय म्हणजे काव्याने भारलेलं. संध्याकाळ काव्यमय असते, एखाद्याचं बोलणं काव्यमय असतं, गद्यातलं पावसाचं वर्णनही असतं. जिथे पानोपानी कविताच आहेत त्या पुस्तकाला काव्यमय म्हणणं म्हणजे पाण्याला ओलसर म्हणणं.

खंडकाव्यही नाही. काव्याच्या एका अंशाला धरून चालतं ते खंडकाव्य, असं साहित्यदर्पण या संस्कृत काव्यशास्त्राच्या ग्रंथात विश्वनाथ सांगतो आणि उदाहरण मेघदूताचं देतो. एक यक्ष, एक विरह, एक निरोप. तुम्ही म्हणता त्या पुस्तकांत पहिल्या पानावरची मुलगी शेवटच्या पानावर तीच उरलेली नसते. ते खंडकाव्यात मावत नाही.

राहिला ‘पद्यकादंबरी’. रशियन कवी पुश्किनने आपल्या ‘येवगेनी अनेगिन’ला रशियनमध्ये हेच म्हटलं होतं आणि तिथे ते शोभतं, कारण त्याचं चौदा ओळींचं कडवं वृत्त-यमकांसह घट्ट बांधलेलं आहे. आजच्या किशोरकादंबऱ्यांत बहुतेक वेळा ना वृत्त असतं ना यमक. ओळ कवयित्रीला वाटेल तिथे तुटते. ‘काव्यादर्श’ लिहिणारा संस्कृत काव्यशास्त्रकार दंडी पद्याला ‘चतुष्पदी’ म्हणतो, म्हणजे चार चरण हवेत. आणि गद्य? ‘अपादः पदसन्तानो गद्यम्’. चरणांत न बांधलेली शब्दांची सलग माळ ती गद्य. या व्याख्येने तुमची ती ‘पद्य’कादंबरी गद्यात जमा होते! पण गद्यात गेली म्हणून तिचं काव्यपण जात नाही, कारण दंडीच्या लेखी गद्य, पद्य आणि मिश्र हे तिन्ही काव्यच. कवितेतली कादंबरी म्हणजे वदतोव्याघात, स्वतःलाच खोडणारं बोलणं, असं ठासून सांगणाऱ्या समीक्षकांनी काव्यादर्शाचा पहिला परिच्छेद, म्हणजे पहिलं प्रकरण, पुन्हा उघडावा. काव्य म्हणजे पद्य हे समीकरण दंडीचं नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. चरणांविना काव्य, आणि विषय कोवळं प्रेम. असा ‘कादंबरी’ हा संस्कृत ग्रंथ सातव्या शतकात बाणभट्टाने लिहिला, आणि त्याच्या नायिकेचं नाव आपण या अख्ख्या वाङ्मयप्रकाराला दिलं. हिंदी-बंगालीने ‘उपन्यास’ घेतला, गुजरातीने ‘नवलकथा’. मराठी आणि कन्नड मात्र एका मुलीच्या नावावर थांबल्या. माझं ठाम मत आहे की हा योगायोग नव्हे. ज्यांनी हा शब्द रूढ केला त्यांच्या कानात त्या गोष्टीतली धुंदी होती.

कारण कादंबरी म्हणजे मद्य. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशात ती सुरा, हाला यांच्या रांगेत आहे. कदंबाच्या ढोलीत वारुणी, म्हणजे मदिराच, पाझरली आणि बलरामाने ती प्यायली, ही विष्णुपुराणातली कथा. कदंबापासून कादंबरी इतकी सरळ वाट आहे. तरी काही टीकाकार ‘कुत्सित अंबर ज्याचं तो कदंबर, म्हणजे नीलवस्त्रधारी बलराम, त्याला प्रिय ती कादंबरी’ असा खटाटोप करतात. झाड समोर उभं असताना बलरामाचे कपडे कशाला तपासायचे? कोकिळा, मैना हे अर्थही कोशांत आहेत, पण बाणाच्या मनात कोणता होता ते त्याने स्वतःच सांगून ठेवलंय: त्याने कादंबरीच्या आईचं नाव मदिरा ठेवलं आहे. बाणाच्या पश्चात ग्रंथ पुरा करणारा त्याचा मुलगाही सुरुवातीलाच म्हणतो की कादंबरीच्या रसाने सगळे लोक मत्त झालेत, कुणाला कशाची शुद्ध नाही. बापलेक दोघांनाही श्लेष पक्का ठाऊक होता.

आणि वयं बघा. कथेचा नायक राजपुत्र चंद्रापीड विद्यामंदिरातून बाहेर पडतो तेव्हा सोळा वर्षांचा आहे. मंत्री शुकनास त्याला बजावतो की तारुण्यातून उपजणारा अंधार सूर्याने भेदत नाही, रत्नांच्या उजेडाने तुटत नाही, दिव्याने हटत नाही. मोठं होण्यावर याहून नेमकं वाक्य मला माहीत नाही. कादंबरीची मैत्रीण महाश्वेता तर आपली गोष्ट स्वतःच्या तोंडाने सांगते, आजच्या किशोरकादंबरीतली मुलगी सांगते तशीच. तपस्वी पुंडरीक तिच्या कानात फुलांचा तुरा खोवतो आणि त्या स्पर्शाने इतका हरवतो की हातातली जपमाळ गळून पडते. ती जमिनीवर पोचण्याआधीच महाश्वेता झेलते आणि गळ्यात घालते. मग तो लटक्या रागाने माळ परत मागतो. ती गळ्यातून मोत्यांची एकावळी काढून देते. तो तिच्या चेहऱ्याकडेच बघत राहतो आणि जपमाळेऐवजी मोती घेतो.

तेव्हा ‘कादंबरी’ एवढंच म्हणा. दुकानात कप्पा वेगळा करायला विशेषण लागलंच, तर ‘कवितांमधली कादंबरी’.