ठासणीच्या रायफलीसाठी दारू कोणती घ्यावी?

प्रश्न : ताई, नमस्कार. मी ओहायोत डेटनजवळ राहतो आणि इथल्या क्लबात ठासणीच्या, म्हणजे तोंडाकडून दारू आणि गोळी भरायच्या, रायफलीने नेमबाजी करतो. रायफल .५० कॅलिबरची आहे, घोडा आपटल्यावर ठिणगी देणाऱ्या छोट्या टोपीवर उडणारी. कापडाच्या चकतीत बसवलेली गोल गोळी मारतो. बहुतेक वेळा ५० यार्डांवर उभ्याने, कधीमधी १०० यार्डांवर टेकून. आजवर गोएक्स या अमेरिकी कारखान्याची २एफ काळी दारू वापरली (एफचा आकडा जितका मोठा, तितका दाणा बारीक). क्लबातले जुने लोक म्हणतात, स्पर्धेत उतरायचं तर स्विस दारूच हवी. ती बरीच महाग पडते. काळ्या दारूला पर्याय म्हणून विकलं जाणारं पायरोडेक्स मात्र दुकानात सहज मिळतं. ते चालेल का? सप्टेंबरात इंडियानात फ्रेंडशिप गावी भरणाऱ्या राष्ट्रीय स्पर्धेला जायचं आहे. खिशाला परवडेल आणि गोळ्या एका जागी पाडेल अशी दारू सुचवाल?
— एक वाचक, डेटन

उत्तर : सध्या स्विस घेऊ नका. गोएक्सच ठेवा आणि वाचलेल्या पैशांतून शिसं घेऊन जास्त बार उडवा.

जुन्या मंडळींचं म्हणणं खोटं नाही. स्वित्झर्लंडमध्ये ओबोनच्या कारखान्यात १८५३पासून दारू बनते. तिचे दाणे एकसारखे असतात, जळल्यावर मागे राहणारी काजळी मऊ असते, आणि तितक्याच वजनात ती गोएक्सपेक्षा जास्त वेग देते. पण तुम्ही बहुतेक वेळा उभ्याने मारता, हे फार महत्त्वाचं आहे. समजा, उभं राहून तुमच्या हाताच्या हलण्यानेच गोळ्या ६ इंचांत पसरतात, आणि रायफल टेकवून गोएक्सने २ इंचांचा ग्रुप पडतो, म्हणजे सगळ्या गोळ्या २ इंचांत बसतात. हे दोन आकडे सरळ बेरजेने ८ होत नाहीत. दोन्ही चुका एकमेकींपासून स्वतंत्र असतात, म्हणून त्यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढायचं. ते येतं ६.३ इंच. आता स्विसने टेकवलेला ग्रुप दीड इंचावर आला असं धरा. तेच गणित पुन्हा केलं की ६.२ येतात. म्हणजे एक दशांश इंचासाठी तुम्ही महागडा डबा घेणार. तेवढा फरक चार दिवस नीट सराव केला तरी निघतो.

१०० यार्डांवर टेकून किंवा पडून मारायचं असेल, तर हे गणित फिरतं. तिथे हात हलत नाही, म्हणून दारूतला फरक थेट कागदावर दिसतो. गोळ्या वरखाली पसरत असतील तर वेग बारागणिक बदलतो आहे असं समजा. डावीउजवीकडे पसरत असतील तर वारा आणि स्वतःची पकड तपासा. माझी स्वतःची वाटणी अशी आहे : उभ्याने मारायच्या .४५ला गोएक्सची ३एफ, आणि १०० यार्डांच्या रायफलीला स्विस. चकमकीच्या, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीवर उडणाऱ्या, बंदुकीत रंजकाला (ठिणगी आधी जिच्यावर पडते त्या बाहेरच्या चिमूटभर दारूला) मात्र नेहमी बारीक ४एफ. ती इतकी थोडी लागते की डबा वर्षानुवर्षं पुरतो, तेव्हा तिथे किंमत बघू नये.

आता पैशांचं बोलू. डब्याच्या किमतीवर जाऊ नका, एका बाराला काय पडतं ते पाहा. एका पौंडात ७००० ग्रेन. ६० ग्रेनचा बार धरला तर पौंडात ११६ बार बसतात. समजा गोएक्सचा पौंड २५ डॉलरला आहे, तर बाराला साडेएकवीस सेंट. स्विस ३८ डॉलरला मिळाली, तरी तिचा वेग जास्त असल्याने साधारण दहावा हिस्सा कमी भरावी लागते. ५४ ग्रेनने पौंडात जवळजवळ १३० बार होतात आणि बाराला २९ सेंट पडतात. हजार बारांच्या हंगामात फरक सुमारे ८० डॉलर. डब्यावरच्या किमती पाहून वाटतो तेवढा तो मोठा नाही, पण फुकट घालवण्याइतका लहानही नाही.

खरी गळती पार्सलमध्ये आहे. काळी दारू स्फोटक असल्याने प्रत्येक पार्सलवर धोकादायक मालाचं वेगळं शुल्क लागतं, आणि पार्सल ५ पौंडांचं असो की २५ पौंडांचं, ते सहसा तेवढंच असतं. शुल्क ३० डॉलर धरा. ५ पौंड मागवले तर पौंडामागे ६ डॉलर, २५ मागवले तर १ डॉलर २० सेंट. म्हणजे क्लबातल्या चारपाच जणांनी मिळून एकच पेटी मागवली, तर बाराला चार सेंट वाचतात. स्विस आणि गोएक्समधला निम्मा फरक एवढ्यातच भरून निघाला. एकत्र मागवायचा आणखी एक फायदा म्हणजे सगळी दारू एकाच लॉटची, म्हणजे कारखान्यात एकाच खेपेला बनलेली, मिळते. स्वस्तात जर्मनीची श्यूट्झेनही चांगली आहे. ती स्विसपेक्षा मंद जळते, तेव्हा थोडी जास्त भरावी लागते.

लॉटकडे लक्ष द्याच. गोएक्सवर गेल्या काही वर्षांत बरंच गुदरलं. २०२१च्या सप्टेंबरात तेव्हाच्या मालकांनी, हॉजडन कंपनीने, लुइझियानात मिंडेनचा कारखाना बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि आम्हा सगळ्यांच्या पोटात गोळा आला. पुढल्या वर्षी मॉडेल रॉकेट बनवणाऱ्या एस्टेसने तो विकत घेतला; त्यांच्या रॉकेटांनाही काळीच दारू लागते. आज डबे पुन्हा मिळतात याचा मला मनापासून आनंद आहे. पण जुना अर्धा डबा आणि नवा डबा एकसारखे वागतील असं गृहीत धरू नका. स्पर्धेआधी एका लॉटचा पुरेसा साठा करा आणि हंगामभर तोच वापरा. दारू मूळ डब्यातच ठेवा, आणि घरात किती ठेवता येते ते आपल्या गावच्या अग्निशमन दलाला विचारून घ्या.

बार ठरवायला एक सकाळ पुरेल. रायफल टेकवा, ५० यार्डांवर कागद लावा. ५० ग्रेनपासून सुरू करून पाचपाच ग्रेनने वर जा. रायफल बनवणाऱ्याने दिलेली कमाल मर्यादा ओलांडायची नाही. प्रत्येक मापाला पाच गोळ्या. ३एफचा थोडा नमुना कुणाकडून मिळाला तर तोही याच पद्धतीने पाहा, .५०मध्ये कित्येकदा ती २एफपेक्षा स्वच्छ जळते. बारीक दाण्याने दाब वाढतो, म्हणून तिथे माप कमी करून सुरुवात करा. सगळ्यात लहान ग्रुप पडला तेच माप उचलू नका. ज्याच्या अलीकडचं आणि पलीकडचं मापही बरं पडलं, ते घ्या. दमट दिवशी किंवा मापात एखादा ग्रेन इकडेतिकडे झाला तरी ते दगा देत नाही.

आणि नळी पुसा. प्रत्येक बारानंतर एक ओलसर कापड, मग एक कोरडं, दरवेळी तितकेच हात. ऑगस्टच्या दमट हवेत काजळी मऊ राहते. कोरड्या थंडीत ती नळीत घट्ट धरते आणि गोळी खाली उतरत नाही. गज (गोळी आत ठासायची कांडी) दरवेळी सारख्याच जोराने दाबा, आणि गोळी दारूवर पूर्ण टेकल्यावर गजावर जिथे खूण येते ती कोरून ठेवा. दारू आणि गोळीत पोकळी राहिली तर नळी फुगू किंवा फुटू शकते. डब्यातून किंवा शिंगातून थेट नळीत ओतायचं नाही. आत एखादी ठिणगी धुमसत असली तर हातातला सगळा साठा पेटेल. घरीच मोजून एकेका बाराच्या छोट्या कुप्या भरून न्या. मोजलेली दारू कुपीत आहे आणि गजाची खूण बरोबर जागी येते आहे, एवढं ज्याचं दर बाराला सारखं असतं त्याला साधी गोएक्सही भरपूर गुण देते.

पायरोडेक्स सरावालाही घेऊ नका असं मी सांगेन. ते पेटायला काळ्या दारूपेक्षा जास्त उष्णता लागते, चकमकीत तर ते भरवशाचं नाहीच. त्यावर सराव करून काळ्या दारूने स्पर्धा खेळायची म्हणजे बार नव्याने बसवणं आलं. पुढेमागे आंतरराष्ट्रीय सामन्यांत उतरलात, तर तिथे कारखान्यात बनलेली काळी दारूच चालते. धूर न होणारी आधुनिक दारू तर ठासणीच्या रायफलीत चिमूटभरसुद्धा घालायची नाही. त्याने माणसांचे हात आणि डोळे गेले आहेत.

प्रश्न : सावंतवाडीजवळ आमच्या घरी आजोबांच्या वेळची ठासणीची बंदूक आहे, शेतीच्या राखणीच्या परवान्यावर, आता बाबांच्या नावे. मे महिन्यात गावी जाताना इथून दारूचा एक डबा आणि टोप्या नेता येतील का?
— एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : नाही. काळी दारू आणि टोप्या विमानात हातातल्या बॅगेतही चालत नाहीत, सामानातही नाहीत. गावी जी लागेल ती बाबांनी आपल्या परवान्यावर, परवानाधारक विक्रेत्याकडूनच घ्यायची.

बरीच वर्षं कुणी ती उडवली नसेल, तर आधी ती भरलेली आहे का ते बाबांना बघायला सांगा. जुन्या बंदुका आत बार असतानाच माळ्यावर गेलेल्या सापडतात, आणि दारू कोरडी राहिली तर ती तितक्या वर्षांनीही पेटते. नळीचं तोंड माणसांपासून दूर ठेवून गज हलकेच तळापर्यंत सोडायचा आणि तोंडाशी त्यावर खूण करायची. मग गज बाहेर काढून, ती खूण तोंडाशी ठेवून, नळीला बाहेरून लावून पाहायचा. गजाचं टोक कानाजवळ, म्हणजे नळीच्या तळाशी ठिणगी आत जाते त्या भोकाजवळ, पोचलं तर नळी रिकामी. दोन बोटं अलीकडेच थांबलं, तर आत बार आहे असंच धरायचं आणि बंदूक न हाताळता परवाना असलेल्या कारागिराला बोलवायचं.